फॅक्टरीतली दुसरी पाळी

परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त (२००९) अख्खं घर पणाला लागतं, तेही हसतखेळत. विम्याची पॉलिसी गहाण पडते, फाळके लंडनहून कॅमेरा आणतात, बिऱ्हाड दादरला हलतं आणि १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये त्यांचा मुलगाच रोहिदास होतो. हालअपेष्टांचं भांडवल न करणारा हा सूर मला आवडतो. पण त्या सुरात सरस्वतीबाईंचा होकार फार स्वस्तात मिळून जातो. फिल्मला भोकं पाडायची, ती धुवायची, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायचा, ही त्यांची रोजची दुसरी पाळी होती. नोकरी सोडून आवडीच्या कामामागे जाऊ बघणाऱ्यांनी हा सिनेमा जरूर पाहावा. फक्त आपल्या घरात ही पाळी कोण करणार, ते आधी विचारून घ्यावं.