सूर्यावरचा पडदा

किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांची ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर’ (२०२०) ही कादंबरी रेणापूरसारख्या अवर्षणाच्या मुलखांत वाचली म्हणजे तिचे गुणदोष निराळेच दिसतात. उष्म्याच्या लाटेनें उत्तर प्रदेशांत लक्षावधि माणसें मरतात. मग भारत इतरांच्या संमतीवांचून विमानांतून गंधकाचे कण उंच वातावरणांत उधळतो आणि सूर्याचा ताप कमी करतो. पहिलें प्रकरण वाचतांना अंगावर कांटा उभा राहतो. परंतु पावसाचा प्रश्न लेखकानें ओझरताच हाताळला आहे, हें वैगुण्य आम्हांस मोठें वाटतें. पिनाटुबो ज्वालामुखीच्या १९९१ च्या उद्रेकानंतर पृथ्वी सुमारें अर्धा अंश निवली खरी, पण पुढील वर्षीं जगांतील भूभागावरचा पाऊसही घटला. मराठवाड्यांत २०१५ सालीं विमानांतून मेघबीजारोपण झालें. तरी २०१६ सालीं लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. ढगांवर माणसाची सत्ता किती, हें येथील कुणब्यास निराळें सांगावयास नको. सूर्यावर पडदा ओढण्याचा अधिकार कोणाचा, याविषयींचा ठराव २०२४ च्या फेब्रुवारीमध्यें नैरोबीच्या संयुक्त राष्ट्र पर्यावरण सभेंत आला, आणि एकमत न झाल्यानें मागें घेतला गेला. ज्याची पेरणी पणास लागणार, त्याची संमति कोणीं घ्यावी? कादंबरी याचें उत्तर देत नाहीं. पण तो प्रश्न वाचकाच्या मनांत उभा करते, हेंच तिचें यश आम्ही मानतों.