'रेव्हनलॉफ्ट'चे पुनरुज्जीवन : पाठ, स्मृती आणि दुरुस्ती

एखादी साहित्यकृती विस्मृतीत गेली असे म्हटले जाते तेव्हा ती आता कोणी वाचत नाही, एवढाच त्या विधानाचा अर्थ असतो. खेळासाठी रचलेल्या कथाविश्वाच्या बाबतीत मात्र हे विधान तपासून घ्यावे लागते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'सारख्या भूमिकाधिष्ठित खेळात प्रकाशकाने छापलेली संहिता ही पूर्ण कृती नसते. एक सूत्रधार आणि चारपाच खेळाडू टेबलाभोवती बसून, बोलत बोलत, फासे टाकत जी कथा घडवितात तिची ती पूर्वसामग्री असते. प्रकाशन थांबले तरी ही कथानिर्मिती थांबतेच असे नाही. म्हणून अशा कथाविश्वाचे 'पुनरुज्जीवन' होते तेव्हा नवी संहिता आणि तिच्या अनुपस्थितीत टेबलाटेबलावर वाढत गेलेली असंख्य रूपे यांचा संबंध काय, हा प्रश्न अटळपणे उभा राहतो. 'रेव्हनलॉफ्ट' या भयकथात्मक कथाविश्वाचा इतिहास या प्रश्नाच्या विचारासाठी विशेष उपयुक्त आहे.

ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याची 'रेव्हनलॉफ्ट' ही साहसपुस्तिका १९८३ साली टीएसआर या अमेरिकी संस्थेने प्रसिद्ध केली. धुक्याने वेढलेला बारोव्हिया हा प्रांत, त्यातील किल्ला आणि तेथे राहणारा रक्तपिपासू सरदार स्ट्राड फॉन झारोविच एवढाच तिचा ऐवज. १९९० साली या बीजाचे एका विस्तृत विश्वात रूपांतर झाले. अनेक प्रांत, प्रत्येक प्रांताचा एक शापित अधिपती आणि त्या अधिपतीला त्याच्याच अपराधाच्या तुरुंगात डांबणाऱ्या, कधीही स्पष्ट न केलेल्या 'काळ्या शक्ती' अशी त्याची रचना होती. १९९७ मध्ये टीएसआर 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट'च्या ताब्यात गेली. २००१ नंतर काही वर्षे दुसऱ्या प्रकाशनाने परवान्यावर हे विश्व चालविले. पुढे २०१६ च्या 'कर्स ऑफ स्ट्राड'ने मूळ किल्ला परत आणला आणि २०२१ च्या 'व्हॅन रिक्टन्स गाइड टू रेव्हनलॉफ्ट'ने सबंध प्रांतसमूहाची नव्याने मांडणी केली.

जुन्या खेळाडूंचा या मांडणीवरील मुख्य आक्षेप 'मूळ' बिघडविल्याचा आहे. परंतु मूळ म्हणजे काय? १९८३ च्या पुस्तिकेत एक जिप्सी भविष्यवेत्ती साधे पत्ते मांडते. त्या पत्त्यांवरून महत्त्वाच्या वस्तू किल्ल्यात कोठे दडल्या आहेत हे ठरते. इतकेच नव्हे, तर स्ट्राडचा हेतू कोणता, हेही ठरते. म्हणजे खलनायकाच्या प्रेरणेसारखा कथानकाचा कणाच संहितेने मोकळा ठेवला आहे. दोन टेबलांवर एकच स्ट्राड खेळला गेला असेल, याची शाश्वती पहिल्या दिवसापासून नव्हती. वोल्फगांग इझर वाचकाने भरावयाच्या ज्या रिक्त जागांविषयी बोलतो, त्या येथे वाचनप्रक्रियेतून निष्पन्न होत नाहीत. लेखकांनी त्या नियम म्हणून लिहून ठेवल्या आहेत. पाठभेद हा या कृतीत लेखनिकाचा प्रमाद नाही, तिच्या घडणीचा भाग आहे. एकमेव प्रमाणपाठाची कल्पना नंतरची, १९९० च्या दशकात नकाशे, वंशावळी आणि कालपट छापले जाऊ लागल्यावर रुजलेली.

तरीही जुन्या खेळाडूंचा आक्षेप केवळ स्मरणरंजन म्हणून बाजूला सारता येत नाही. १९९० च्या दशकातील त्या विश्वाने बदल टाळला नव्हता. बदल घडवून आणण्याची त्याची एक रीत होती. 'महायुती'च्या साहसमालिकेचा शेवट १९९३ मध्ये झाला आणि तिच्या अखेरीस प्रांतांचा नकाशाच बदलला. पण हा बदल कथेतील घटना म्हणून घडला. जुना नकाशा खोटा ठरला नाही, तो जुना झाला. खेळाडूच्या स्मृतीला तेथे साक्षीचे मूल्य राहिले.

२०२१ च्या ग्रंथात बदलाच्या दोन भिन्न रीती शेजारी शेजारी आढळतात आणि ग्रंथाचे यशापयश त्यांच्या तुलनेतूनच उलगडते. वालाचान प्रांताचा पूर्वीचा अधिपती फॉन खारकोव्ह. चाकुना नावाची स्त्री त्याला ठार करते आणि त्या कृत्याची किंमत म्हणून स्वतः त्या प्रांताची कैदी होते. जुना वाचक खारकोव्हला ओळखतो; नव्या वाचकाला त्याचे प्रेत पुरते. एकाच घटनेत दोघांनाही जागा आहे. फाल्कोव्हनियाचे तसे नाही. तेथील व्हलाड ड्राकोव्हच्या जागी व्हलाडेस्का ड्राकोव्ह येते, आणि व्हलाड कधी होता याची खूणही उरत नाही.

या दुसऱ्या रीतीचा गुंतागुंतीचा नमुना लामोर्डिया हा प्रांत आहे. मेरी शेलीच्या कादंबरीचे ऋण उघडपणे मिरविणाऱ्या या प्रांतात पूर्वी व्हिक्टर मॉर्डनहाइम हा शास्त्रज्ञ आणि ॲडम ही त्याची निर्मिती होती. अधिपतीपद मात्र ॲडमकडे होते. नव्या ग्रंथात व्हिक्ट्रा मॉर्डनहाइम आहे, आणि तिने मरणातून ओढून काढलेली व तिच्यापासून पळून गेलेली प्रेयसी एलिस आहे. शाप आता निर्मात्याकडे आला आहे. पुरुषाच्या जागी स्त्री आली याचीच चर्चा अधिक झाली. वाङ्मयीनदृष्ट्या निर्णायक बदल हा दुसरा आहे. निर्मितीला दोषी ठरविणाऱ्या जुन्या मांडणीपेक्षा तो शेलीच्या आशयाशी अधिक प्रामाणिक आहे, आणि 'मी तुला वाचविले' या वाक्यामागच्या मालकी हक्काचे भय त्यातून नेमके व्यक्त होते. तथापि ही उत्तम कल्पना ॲडमला पुसून का यावी, याचे उत्तर ग्रंथ देत नाही. पंचवीस वर्षे ॲडमशी झुंजलेल्या टेबलाला येथे पूल नाही, केवळ कोरे पान आहे. धुके काहीही करू शकते, हे समर्थन सूत्रधाराला शोभेल. संपादकाला ते पुरेसे नाही.

मग प्रत्येक बदल कथेतूनच घडवावा काय? व्हिस्टानींचे उदाहरण या सरधोपट निष्कर्षाच्या आड येते. १९८३ च्या 'जिप्सीं'ना पुढे व्हिस्टानी हे नाव मिळाले; परंतु युरोपने रोमा लोकांविषयी शतकानुशतके जोपासलेले पूर्वग्रह, म्हणजे शापवाणी, वाईट नजर, दुष्टाची चाकरी, २०१६ च्या ग्रंथापर्यंत त्यांना चिकटून राहिले. (रोमानी ही भारतीय आर्य कुळातील भाषा आहे, हे येथील वाचकाला आठवावे.) २०२० मध्ये प्रकाशकांनी हा दोष जाहीरपणे मान्य केला आणि पुढील मुद्रणात मजकूर बदलला. हा बदल कथेतील घटना म्हणून सांगता आला नसता. 'व्हिस्टानी पूर्वी तसे होते, आता सुधारले' असे म्हणणे म्हणजे पूर्वग्रहालाच इतिहासाचा दर्जा देणे. दोष व्हिस्टानींच्या ठायी नव्हता, त्यांचे वर्णन करणाऱ्या लेखणीत होता. म्हणून दुरुस्तीही लेखणीनेच करावयाची. कथाविश्वातील घटित आणि कथनकाराची दृष्टी यांतील भेद ओळखणे हे अशा संपादकाचे पहिले काम. व्हिस्टानींच्या बाबतीत तो भेद ओळखला गेला. ड्राकोव्ह आणि ॲडम यांना मात्र तो न पाहताच तीच कात्री लागली.

या दोन्ही रीतींपलीकडचा एक मार्ग कालाकेरी या प्रांतात दिसतो, आणि तो मराठी वाचकाला अधिक जवळचा आहे. जुन्या रेव्हनलॉफ्टमध्ये 'श्री राजी' नावाचा एक भारतसदृश प्रांत होता. १९९३ च्या 'वेब ऑफ इल्यूजन' या पुस्तिकेत तो खेळावयास मिळाला. अरिजानी हा राक्षस त्याचा अधिपती. या खेळातील राक्षस १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मधील चित्रापासून वाघाच्या डोक्याचा झाला आहे, आणि तेथे ती एक जात आहे : राक्षस जन्मतःच राक्षस. २०२१ मध्ये अजित जॉर्ज या भारतीय वंशाच्या अमेरिकी लेखकाने त्या प्रांताच्या जागी कालाकेरी रचला. येथे सिंहासनासाठी रम्या वासवदन ही राणी आणि तिची भावंडे रीवा व अरिजानी यांच्यात यादवी होते, आणि त्या भ्रातृहत्येतून तिघेही अमानुष रूपात परततात. अरिजानी हे नाव राहिले, राक्षसरूपही राहिले. बदलले ते त्या रूपाचे कारण. तो आता घराच्या अंगणातील वैरातून राक्षस झालेला माणूस आहे. शक्तीच्या शापाने राक्षस झालेला राजा कल्माषपाद किंवा कुबेराच्या शापाने त्या योनीत पडलेला गंधर्व विराध ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हे कारण परके वाटणार नाही. जुना खेळाडू मात्र अरिजानीला नावावरून ओळखतो, आणि त्याच्यासमोर एक न सांगितलेला प्रश्न उभा राहतो : श्री राजीत ज्याच्याशी आपण लढलो, त्यालाही एखादी बहीण होती काय?