मार्क ऑफ झोरो, द
साहस व विनोद यांचा मेळ साधणारा अमेरिकन बोलपट (१९४०). दिग्दर्शक रूबेन मामूल्यन (१८९७–१९८७). जॉन्स्टन मॅकली यांच्या द कर्स ऑफ कॅपिस्ट्रानो (१९१९) या कथेवर तो आधारलेला असून तिच्यावरूनच डग्लस फेअरबँक्स यांचा मूकपट १९२० मध्ये निघाला होता. स्पॅनिश अमलाखालील कॅलिफोर्नियात जुलमी नगराधिकाऱ्याविरुद्ध मुखवटा घालून लढणारा दिएगो (टायरोन पॉवर) एरवी नाजूक, छानछोकीच्या सरदारपुत्राचे सोंग घेतो. या दोन रूपांचा मेळ कसा घालावयाचा, हाच चित्रपटाच्या शेवटापुढील खरा प्रश्न होय.

मामूल्यन यांनी तो मुखवटा फाडण्याच्या ठरीव प्रसंगाने सोडविलेला नाही. कॅप्टन पास्क्वाले (बॅझिल रॅथबोन) याच्याशी होणारे निर्णायक द्वंद्व दिएगो मुखवट्याविनाच लढतो. त्याच्या वाराने मेणबत्ती कापली गेलीच नाही असे वाटते. तो तिचा वरचा भाग अलगद उचलून दाखवितो. या एका विनोदी कृतीतून सोंग गळून पडते. पास्क्वाले मरून कोसळताना भिंतीवरील चित्र खाली पडते व त्यामागे पूर्वी कोरलेली झोरोची खूण उघडी होते. जे शब्दांनी सांगावयाचे, ते येथे वस्तूंनी सांगितले आहे.

त्यानंतरचा कथाभाग तुलनेने दुबळा आहे. दिएगोची कैद व सुटका, सरदार व शेतकरी यांचा उठाव आणि नगराधिकाऱ्याचा राजीनामा ही सर्व झपाट्याने उरकली जातात. उठावात शेतकरी सामील होतात. सत्ता मात्र दिएगोच्या वृद्ध पित्याकडे, म्हणजे जुन्या जमीनदार वर्गाकडेच परत जाते. अन्याय व्यवस्थेचा नसून केवळ एका दुष्ट अधिकाऱ्याचा, असे मानूनच हा सुखान्त शक्य झाला आहे. चित्रपटाची ही मर्यादा त्याच्या खेळकरपणाखाली झाकली जाते.

अखेरचे दृश्य मात्र अर्थपूर्ण आहे. आरंभी माद्रिद सोडताना दिएगोने आपली तलवार छतात फेकून रोवलेली असते. घरी परतल्यावर कंटाळवाणे आयुष्य वाट्यास येणार, याची खंत त्या कृतीत असते. शेवटी विवाह, मुलेबाळे व द्राक्षमळे यांच्या निवांत संसाराचा संकल्प सांगून तो पुन्हा तसेच करतो. कृती तीच, पण आधी नाइलाजाने पत्करलेले जीवन आता त्याने स्वेच्छेने निवडलेले असते. वीराचे खरे यश शस्त्र खाली ठेवण्यात आहे, हे सूचित करूनही चित्रपटाने हसतमुख चेहरा सोडलेला नाही. यातच त्याचे वेगळेपण आहे.