‘ब्रेक द चेन’मधली न दाखवलेली कडी

ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने मार्च २०११ मध्ये ‘ब्रेक द चेन’, म्हणजे ‘साखळी तोडा’, ही दूरचित्रवाणीवरील जाहिरात प्रसृत केली. धूम्रपानाविरुद्ध, खास तेथील मूळ रहिवाशांसाठी केलेली ही देशपातळीवरची पहिलीच जाहिरात. त्यात एक मूळ रहिवासी बाई सांगते, की घरातली माणसे सिगरेटपायी आजारी पडली, गेली. आपल्या मुलांना असे मरण नेहमीचेच वाटू नये म्हणून मी सिगरेट सोडली.

भर घाबरवण्यापेक्षा नात्यांवर आहे, हे या जाहिरातीचे बळ. आजाराचा धसका माणसाला सिगरेट टाकायला लावतो. ती सुटलेली राहण्यास मात्र तेवढा धसका पुरत नाही. निकोटिनची सवय झालेल्या मेंदूला ते मिळेनासे झाले, की चिडचिड, बेचैनी, झोपमोड सुरू होते. पहिल्या आठवड्यात हा त्रास सर्वांत तीव्र असतो आणि नेमके तेव्हाच घरीदारी सगळे ओढत असतात! २०१२-१३ मधल्या ‘टॉकिंग अबाउट द स्मोक्स’ या पाहणीत सिगरेट ओढणाऱ्या मूळ रहिवाशांपैकी ७० टक्क्यांना ती सोडायची होती. महिनाभर टिकणारे मात्र इतर ऑस्ट्रेलियनांपेक्षा कमी निघाले. म्हणजे उणीव इच्छेची नव्हती.

जाहिरात तोकडी पडते ती साखळीच्या अर्थाबाबत. तिच्यातली साखळी घरातच सुरू होते. वास्तविक मध्य ऑस्ट्रेलियातले लोक पितुरी ही निकोटिनयुक्त वनस्पती राखेत मिसळून पूर्वापार चघळत. उत्तर किनाऱ्यावर मकासरचे दर्यावर्दी तंबाखू आणत. पण ती रोजची गरज बनली मिशनांत आणि गोऱ्यांच्या गुरांच्या मळ्यांवर. तेथे पीठ, साखर, चहा यांच्याबरोबर तंबाखूही शिधा म्हणून, पुष्कळदा मजुरीऐवजी, मिळे; आणि हे विसाव्या शतकातही चालू होते. वर्गात ही जाहिरात दाखवणाऱ्या शिक्षकाने या शिध्याविषयीही सांगावे. नाहीतर सारा दोष त्या घरांचाच, असा मुलांचा समज होईल.

पंधरा वर्षे व त्यावरील मूळ रहिवाशांत रोज सिगरेट ओढणारे २००२ मध्ये ४९ टक्के होते, २०१८-१९ मध्ये ३७. याचे श्रेय एकट्या जाहिरातीला देता येणार नाही. २०१० मध्ये तंबाखूवरचा कर एकदम २५ टक्क्यांनी वाढला, डिसेंबर २०१२ पासून सिगरेटची पाकिटे चिन्हाविना, एकाच मळकट रंगात विकावी लागली, आणि वस्त्या-वस्त्यांतून तिथल्याच कार्यकर्त्यांनी सिगरेट सोडणाऱ्यांना सोबत दिली.