बुडाली कधी, ते पाठात नाही

शालेय भूगोलात सागरतळाच्या पाठाबरोबर एक आकृती हमखास असते. किनाऱ्यापासून तिरकी उतरणारी समुद्रबूड जमीन, पुढे खंडान्त उतार, खाली सागरी मैदान, एखादी गर्ता. पिढ्यान्‌पिढ्या ती फळ्यावर काढली जाते. तिच्यातला पहिलाच टप्पा दिशाभूल करणारा आहे, आणि त्यासोबत शिकवले जाणारे एक विधान १९३२ सालीच निकालात निघाले आहे, असे आमचे म्हणणे आहे.

आधी आकृती. मुंबई-खंबातसमोर समुद्रबूड जमीन सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे (कोचीसमोर ती ६० किलोमीटरच भरते). एवढ्या अंतरात तळ शंभरेक मीटर उतरतो. हे प्रमाणात काढायचे तर ३० सेंटिमीटर लांब रेघेला उतार मिळेल ०.१ मिलिमीटर! पेन्सिलीची रेघच त्याहून जाड असते. उभे प्रमाण वाढवावे लागते हे मान्य. पण ते वाढवले आहे, असे आकृतीखाली लिहायला काय हरकत आहे?

आता ते विधान : भरड गाळ किनाऱ्याजवळ बसतो, खोल पाण्याकडे कण बारीक होत जातात. ऐकायला अगदी तर्कशुद्ध. फ्रान्सिस शेपर्ड या अमेरिकन भूवैज्ञानिकाने नाविक नकाशांवरच्या 'वाळू', 'चिखल', 'शिंपले' अशा नोंदी एकत्र केल्या, तेव्हा हा क्रम बहुतेक ठिकाणी आढळेना. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तर तो चक्क उलटा आहे. साधारण ५०-६० मीटर खोलीपर्यंत चिखल. त्यापलीकडे, किनाऱ्यापासून दूर, वाळू, शिंपल्यांचा चुरा आणि माशाच्या अंड्यांसारखे चुनखडीचे गोल कण. या कणांना ऊलाइट म्हणतात. ते तयार होतात उबदार, खळबळत्या, काही मीटर खोलीच्या पाण्यात. मग ६०-१०० मीटर खाली ते आले कुठून?

ते आले नाहीत, तिथेच होते. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवरचे बरेच पाणी जमिनीवरच्या बर्फात अडकले होते आणि समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. 'बॉम्बे हाय'च्या तेलविहिरींपाशी आज ७५ मीटरच्या आसपास पाणी आहे. तेव्हा तिथे कोरडी जमीन होती. बर्फ वितळू लागला तसा किनारा आत सरकला आणि जुन्या किनाऱ्यांची वाळू मागे राहिली. नद्यांचा नवा गाळ खाड्यांत आणि किनाऱ्यालगतच अडकतो, त्यामुळे ती अजून झाकली गेलेली नाही. जगातल्या समुद्रबूड जमिनीचा सुमारे ७० टक्के भाग असा जुन्या गाळाचा आहे, असा अंदाज के. ओ. एमरी यांनी १९६८ मध्ये मांडला.

किनारा किती वेगाने सरकला? गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले हाशिमी आणि सहकारी यांच्या १९९५ च्या अभ्यासानुसार, १० ते ७ हजार वर्षांपूर्वी पाणी हजार वर्षांत सुमारे २० मीटर चढत होते. उतार सर्वत्र सारखा धरला, तर मुंबईसमोर एक मीटर चढ म्हणजे ३ किलोमीटर जमीन. अर्थात वर्षाला सरासरी ६० मीटर. नववीच्या वर्गात हे गणित सहज करता येईल. समुद्रपातळीच्या आजच्या बातम्या त्यानंतर वाचल्या तर त्यांतले मिलिमीटर वेगळे दिसतात.

एक खुलासा हवा. ही जमीन काही हिमयुगाने घडवली नाही. खालचे थर कोट्यवधी वर्षांत साचलेले आहेत. आपण बोलतो आहोत ते वरच्या पातळ थराविषयी. पण पाठात नेमका तोच गाळलेला आहे.

गंमत अशी, की मराठी शब्द आकृतीपेक्षा शहाणा आहे. 'समुद्रबूड' म्हटले की ती बुडाली हे आलेच. कधी, असे एखाद्या मुलाने विचारले तर उत्तर पाठात सापडत नाही. आणि 'मुंबईसमोर खोल पाण्यात वाळू आहे' असे कोणी परीक्षेत लिहिले, तर नमुना उत्तराप्रमाणे त्याचे गुण कापले जातील.