मातृत्वाचा भार कोणी वाहावा? : डॉ. आंबेडकरांच्या विधिमंडळीय भूमिकेची चिकित्सा

प्रस्तावना

लोकप्रतिनिधीची परीक्षा बहुधा त्याच्या भाषणांवरून केली जाते. परंतु कल्याणकारी कायद्यांच्या बाबतीत त्याने खर्चाचा भार कोणावर टाकला, ही कसोटी अधिक नेमकी ठरते. या कसोटीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची मातृत्वविषयक भूमिका तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन

आंबेडकर 1927 पासून मुंबई विधिपरिषदेत सरकारनियुक्त सदस्य होते. जुलै 1928 मध्ये प्रसूतिलाभ विधेयकास पाठिंबा देताना त्यांनी प्रसूतीपूर्वी व नंतर मातेस मिळणारी विश्रांती राष्ट्रहिताची मानली. म्हणून खर्चाचा मोठा वाटा शासनाने उचलावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. मात्र स्त्रियांच्या श्रमातून मालकास अधिक नफा होतो, त्यामुळे त्यालाही जबाबदारी टाळता येणार नाही, हेही त्यांनी बजावले. ज्या शासनाने नियुक्ती केली त्याच्याच तिजोरीकडे बोट दाखवणे, यातच या भूमिकेचे मोल आहे. प्रत्यक्षात 1929 च्या कायद्याने भार मालकावर टाकला. तत्त्वाचा अर्धाच भाग स्वीकारला गेला.

नोव्हेंबर 1938 मध्ये मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयी शासनाने कराव्यात, असा ठराव आला. आंबेडकरांचे भाषण त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडले. ठराव फेटाळला गेला. विचार आंबेडकरांचा असला, तरी सभागृहातील कृती दुसऱ्याची होती. नोंद वाचताना हा भेद राखला पाहिजे.

या लेखाजोख्यातील अवघड पान 1943 चे आहे. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या वर्षी त्यांनी खाणींतील प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती मांडली. त्याच वर्षी युद्धकालीन कोळसाटंचाईमुळे भूमिगत खाणकामावरील स्त्रियांची बंदी उठवण्यात आली. फेब्रुवारी 1944 मध्ये त्यांनी या निर्णयाचे सभागृहात समर्थन केले. बंदी 1946 मध्ये पुन्हा लागू झाली. युद्धाची निकड मान्य केली, तरी 1928 च्या भूमिकेशी हा निर्णय जुळत नाही. गौरवग्रंथांत हे पान सहसा उलटून टाकले जाते. निष्पक्ष समीक्षेला तसे करता येणार नाही.

वऱ्हाडाच्या दृष्टीने आणखी एक मर्यादा दिसते. मुंबईचा कायदा मध्य प्रांत-वऱ्हाडास लागू नव्हता. मध्य प्रांताने 1930 मध्ये स्वतंत्र कायदा केला. परंतु दोन्ही कायद्यांचा विषय कारखान्यातील स्त्री होता. सातपुड्याच्या पायथ्याशी, हिवरखेडसारख्या गावच्या शिवारात निंदण व कापूसवेचणी करणारी मजूर स्त्री त्यांच्या कक्षेत आली नाही. तिला कायम मालक नसतो. तिच्यासाठी शासनानेच भार उचलणे अटळ ठरते.

अन्नसुरक्षा कायद्याने 2013 मध्ये मातेस किमान 6,000 रुपयांचा हक्क मान्य केला. 2017 च्या मातृवंदना योजनेने मात्र पहिल्या अपत्यापुरते 5,000 रुपये दिले. 2022 पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यासच 6,000 रुपयांची तरतूद झाली. हक्क सर्व मातांचा आणि अंमलबजावणी अपत्याच्या क्रमांकावर, ही विसंगती स्पष्ट आहे.

निष्कर्ष

आंबेडकरांची नोंद निर्दोष नाही, परंतु मूळ प्रश्न त्यांनी अचूक मांडला. त्यामुळे आजच्या प्रतिनिधींचे मूल्यमापनही आश्वासनांवरून न करता, त्यांनी कोणत्या मातांना तरतुदीतून वगळण्यास संमती दिली, यावरून व्हावयास हवे.