सुविचाराचा धनी

शाळेच्या फळ्यावर, लग्नपत्रिकेच्या माथ्यावर, आणि आता हातातल्या मोबाइलवरही मराठी माणसाला रोज एखादे वचन भेटतेच. प्रेम, ध्येय, आयुष्याची अनपेक्षित वळणे यांवरची त्यांतली कितीतरी वचने वि. स. खांडेकरांच्या नावावर असतात. शिरोड्याच्या शाळेत १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे मास्तरकी केलेल्या या कादंबरीकाराला १९७४ चे ज्ञानपीठ मिळाले. मराठीला लाभलेले ते पहिले. पण वह्यांतून उतरून घेतलेले खांडेकर आणि कादंबरीतले खांडेकर एकच आहेत काय?

'ययाति' (१९५९) घ्या. या कथेत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली हकिगत सांगतात. प्रेमाविषयी ययाति मोठे गोड बोलतो. पण बोलणारा कोण? वासनेपायी पोटच्या पुरूचे तारुण्य मागून घेणारा बाप! त्याच्या तोंडचे वाक्य कादंबरीत वाचताना मनाला चटका बसतो. फळ्यावर तेच वाक्य लेखकाचा उपदेश होऊन बसते. राजकन्या असून दासीपण पत्करणारी शर्मिष्ठा प्रेमाविषयी बोलते, तेव्हा त्या शब्दांमागे तिने सोसलेले दुःख उभे असते. दोघांची वाक्ये एका वहीत शेजारी लिहिली, की भोग आणि त्याग एकाच मापाने मोजले जातात.

मात्र दोष सगळा वाचकांचाच, असेही म्हणता येणार नाही. मानी देवयानी असो की सोशिक शर्मिष्ठा, खांडेकर दोघींनाही एकाच घोटीव, अलंकारिक भाषेत बोलायला लावतात. पात्राची बोली जिथे लेखकाच्या बोलीत विरघळते, तिथले वाक्य अलगद खुडून नेता येते. खांडेकरांची लोकप्रियता आणि त्यांची उणीव, दोन्ही इथेच आहेत.

कलेविषयीच्या वचनांचीही हीच गत. 'कलेसाठी कला' म्हणजे ना. सी. फडके आणि 'जीवनासाठी कला' म्हणजे खांडेकर, हे आपण पाठ करून टाकले. वस्तुतः फडक्यांच्या कादंबऱ्यांत राजकारण येते आणि खांडेकरांच्या उपमांतून कलेची हौस ओसंडते. घोषणा तेवढ्या उरल्या. पुस्तके मागे पडली.

याउलट आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथाशी जोडलेली विसोबा खेचरांची कथा पाहा. गुरूच्या शोधात आलेल्या नामदेवांना विसोबा पिंडीवर पाय ठेवून पहुडलेले दिसतात. 'पिंड नसेल तिथे माझे पाय ठेव,' असे ते म्हणतात. आणि पाय ठेवावेत तिथे पिंड उगवते! देव सर्वत्र आहे, एवढेच सांगायचे तर एक ओळ पुरली असती. लोकांनी मात्र सारा प्रसंगच जपला. म्हणून शतके लोटली तरी तो ऐकणारे पोर आजही डोळे विस्फारते.

वचने जमवण्याची हौस वाईट नव्हे. घरातल्या मुलामुलींनी ती जरूर जमवावीत. फक्त प्रत्येकाखाली दोन गोष्टी टिपून ठेवाव्यात: हे कोण म्हणाले आणि केव्हा म्हणाले. नुसते लेखकाचे नाव पुरणार नाही, पात्राचेही हवे. ते शोधायला पुस्तक पुन्हा उघडावे लागेल, आणि दिवाळीच्या सुट्टीत त्याला सवडही आहे.